स्वखुशीचा कर

शाळेची इमारत अर्धी उभी राहिली आहे आणि पैसे संपले आहेत, ही अडचण आपल्याकडच्या शिक्षकांना नवी नाही. १७५७ साली हीच अडचण फ्रान्सच्या राजापुढे होती. गरीब सरदार घराण्यांतल्या मुलांना लष्करी शिक्षण मिळावे म्हणून पंधराव्या लुईने १७५१ मध्ये पॅरिसला 'एकोल मिलितेर' ही शाळा स्थापन केली. नेपोलियन बोनापार्ट पुढे याच शाळेत शिकला. शाळेच्या खर्चासाठी पत्त्यांच्या कॅटांवरील कराचे उत्पन्न तोडून दिले होते, पण ते पुरत नव्हते. त्यातच १७५६ मध्ये युद्ध सुरू झाले आणि लोकांवर आणखी कर बसवणे अवघड होऊन बसले.

अशा वेळी शाळेचा कारभार पाहणाऱ्या पारी-दुव्हर्ने या धनिकापुढे काही इटालियन मंडळींनी एक योजना ठेवली. त्यांत कालसाबिजी नावाचे दोन भाऊ होते आणि व्हेनिसच्या तुरुंगातून निसटून नुकताच पॅरिसला आलेला ज्याकोमो कासानोव्हा होता. योजना साधी होती. राजाने लॉटरी काढावी, म्हणजे लोक आपण होऊन पैसे आणून देतील. १५ ऑक्टोबर १७५७ रोजी तसा हुकूम निघाला आणि १८ एप्रिल १७५८ रोजी पहिली सोडत झाली.

सरकारी लॉटरीविषयी दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. सरकारला त्यात नफा नेमका कसा होतो? आणि तो नफा जातो कुठे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधायला ही फ्रेंच लॉटरी फार सोयीची आहे. एक तर तिचे गणित शाळेत शिकवता येण्याजोगे आहे, आणि दुसरे म्हणजे तिची सुरुवात आणि शेवट दोन्ही आपल्याला माहीत आहेत.

जिनोआची निवडणूक

ही लॉटरी मूळची इटलीतल्या जिनोआ शहराची. तिथल्या प्रजासत्ताकात १५७६ च्या सुमारास अशी पद्धत ठरली होती की, प्रतिष्ठित नागरिकांपैकी १२० जणांची यादी करायची, त्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या एका पात्रात टाकायच्या आणि वर्षातून दोनदा पाच चिठ्ठ्या काढून त्या पाच जणांना राज्यकारभारात घ्यायचे. कोणाची नावे निघतील यावर शहरात पैजा लागू लागल्या. काही काळाने लोकांना नावांची गरजच उरली नाही. नावांच्या जागी आकडे आले, आणि १२० ऐवजी १ ते ९० ही संख्या रूढ झाली. मुंबईच्या मटक्यातही असेच घडले. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर सुरू झालेला जुगार कापूस बाजूला पडल्यावर नुसत्या आकड्यांवर चालू राहिला. जिनोआच्या सरकारने प्रथम या पैजांवर बंदी घालून पाहिली आणि नंतर मक्ता देऊन त्यांतून उत्पन्न मिळवायला सुरुवात केली. सरकारी लॉटऱ्यांच्या इतिहासात हा क्रम पुढेही अनेकदा दिसतो.

खेळ असा : चाकासारख्या फिरत्या पिंपात १ ते ९० आकड्यांच्या गोळ्या घालतात आणि त्यांतून पाच काढतात. खेळणारा एका आकड्यावर, दोन आकड्यांच्या जोडीवर, तीन आकड्यांच्या तिकडीवर असे पैसे लावतो. त्याने निवडलेले सगळे आकडे निघालेल्या पाचांत असतील तर त्याला लावलेल्या रकमेच्या ठरावीक पट बक्षीस मिळते.

स्वप्नाचा भाव

आता हिशेब करू. नव्वदांपैकी पाच आकडे निघतात. म्हणून आपला एक आकडा निघण्याची संभाव्यता ५/९०, म्हणजे १/१८ आहे. जोडीसाठी, ९० आकड्यांच्या एकूण जोड्या ९० × ८९ ÷ २ = ४,००५ होतात. निघालेल्या पाच आकड्यांत १० जोड्या असतात. म्हणून आपली जोडी लागण्याची संभाव्यता १०/४,००५, म्हणजे सुमारे ४०० त एक. याच रीतीने तिकडी, चौकडी आणि पाचही आकडे यांचे हिशेब मांडता येतात. फ्रान्सची लॉटरी स्थिरावल्यावर तिथे जे भाव ठरले होते ते शेजारी ठेवले, तर पुढील कोष्टक मिळते. एक रुपया लावला तर सरासरीने किती परत येतात, हे शेवटी दिले आहे.

एक आकडा : १८ त १, बक्षीस १५ पट, परत सुमारे ८३ पैसे
जोडी : ४००.५ त १. बक्षीस २७० पट. परत सुमारे ६७ पैसे
तिकडी : ११,७४८ त १, बक्षीस ५,५०० पट, परत सुमारे ४७ पैसे
चौकडी : ५,११,०३८ त १, बक्षीस ७५,००० पट, परत सुमारे १५ पैसे
पाचही आकडे : ४,३९,४९,२६८ त १; बक्षीस १०,००,००० पट; परत सुमारे २ पैसे

हे कोष्टक वरून खाली सावकाश वाचावे. बक्षीस जसजसे मोठे होते तसतसा परतावा घसरतो. लहान बक्षिसात सरकार रुपयामागे १७ पैसे ठेवून घेते, तर सर्वांत मोठ्या बक्षिसात ९८ पैसे. १८ त १ ही संभाव्यता माणसाला अनुभवाने थोडीफार कळते. चार-सहा महिने खेळणाऱ्याला आपण किती वेळा जिंकलो याचा अंदाज येतो. पण साडेचार कोटींत एक म्हणजे काय, हे कोणाच्याच अनुभवात बसत नाही. दहा लाख पट हे शब्द मात्र चटकन कळतात. स्वप्न जितके मोठे, तितका त्याचा भाव ग्राहकाला कळत नाही आणि म्हणून विकणाऱ्याला तो चढवता येतो.

सरकारला नशीब लागते का?

खेळणाऱ्याचे सगळे नशिबावर असते, तर मग सरकारचेही तसेच असेल, असे वाटण्याची शक्यता आहे. प्रत्यक्षात तसे नाही. समजा, नव्वदही आकड्यांवर लोकांनी एकेक रुपया लावला. सरकारकडे ९० रुपये आले. कोणतेही पाच आकडे निघोत, सरकारला ५ × १५ = ७५ रुपये वाटावे लागतील आणि १५ रुपये उरतील. इथे नशिबाचा संबंधच येत नाही. धोका असतो तो एवढाच की, सगळ्यांनी एकाच लोकप्रिय आकड्यावर पैसे लावले आणि नेमका तोच निघाला तर? त्यावरही उपाय होता. एखाद्या आकड्यावर ठरलेल्या मर्यादेपलीकडे पैसे जमले, की त्या आकड्याची नोंदणी बंद करायची. शिवाय सोडती जितक्या अधिक तितकी सरासरी हिशेबाच्या जवळ येते. याकोब बेर्नुलीने सिद्ध केलेला मोठ्या संख्यांचा नियम १७१३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्याचा व्यवहारातला लाभ लॉटरी चालवणाऱ्यांइतका क्वचितच कोणी घेतला असेल.

या हिशेबात त्या काळचे थोर गणिती प्रत्यक्ष गुंतले होते. १७४९ मध्ये प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याच्याकडे अशीच एक योजना आली, तेव्हा त्याने बर्लिनच्या अकादमीत असलेल्या लेओनार्ड ऑयलरला ती तपासायला सांगितले. ऑयलरने संभाव्यता मांडून उत्तर दिले. योजना तेव्हा बारगळली. पण सप्तवार्षिक युद्धाने तिजोरी रिती झाल्यावर १७६३ मध्ये बर्लिनलाही लॉटरी सुरू झाली. ती उभारणारा होता पॅरिसहून आलेला, कालसाबिजी बंधूंपैकीच एक. त्यानंतर ऑयलरने एका वेगळ्या प्रश्नावर निबंध लिहिला : निघालेल्या पाच आकड्यांत ३४-३५ सारखे लागोपाठचे आकडे असण्याची संभाव्यता किती? उत्तर सुमारे २१ टक्के येते. म्हणजे साधारण दर पाच सोडतींत एकदा असे घडणारच. आपल्याला लागोपाठचे आकडे 'ठरवून काढल्यासारखे' वाटतात, यावरून यदृच्छेविषयीचा आपला अंदाज किती कच्चा असतो ते कळते.

शाळेची लॉटरी राजाची झाली

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. शाळेसाठी काढलेल्या या लॉटरीला पुण्यकर्माची जोडही दिली होती. प्रत्येक आकड्याला एकेका गरीब मुलीचे नाव जोडलेले असे, आणि जे पाच आकडे निघत त्या मुलींना लग्नासाठी हुंड्याची रक्कम मिळे. खेळणाऱ्याला वाटावे की आपण हरलो तरी एका शाळेला आणि एका गरीब मुलीला मदत झाली.

लॉटरी चांगली चालली. इतकी चांगली, की १७७६ मध्ये राजाने ती शाळेकडून काढून आपल्या तिजोरीला जोडली. तिचे नाव 'फ्रान्सची शाही लॉटरी' झाले, सोडती महिन्यातून दोनदा होऊ लागल्या, आणि पुढे चौकडी व पाच आकड्यांचे खेळही आले. ज्या कारणासाठी लॉटरी सुरू झाली ते कारण गेले, पण लॉटरी राहिली. क्रांतीनंतर १७९३ मध्ये, गरिबांना लुबाडणारी राजेशाहीची खूण म्हणून ती बंद झाली. चारच वर्षांनी, १७९७ मध्ये, प्रजासत्ताकाच्याच सरकारने पैशांच्या अडचणीपायी ती पुन्हा सुरू केली. राजवटी बदलल्या, पण तिजोरीची गरज बदलली नाही.

या सवयीविरुद्ध सर्वांत नेमका युक्तिवाद एका गणितज्ञाने केला. प्येर-सिमों लाप्लास हा संभाव्यता-शास्त्राच्या पायाभरणीतला मोठा माणूस. १८१४ च्या आपल्या निबंधात त्याने लॉटरी खेळणाऱ्यांच्या भ्रमांची चर्चा केली आहे. बरेच दिवस न निघालेला आकडा आता निघालाच पाहिजे, असे समजून लोक त्यावर पैसे लावतात. पण दर सोडतीला सगळ्या नव्वद गोळ्या पुन्हा पिंपात जातात आणि प्रत्येक आकड्याची संभाव्यता पुन्हा १/१८ च असते. १८१९ मध्ये लाप्लास वरिष्ठ सभागृहाचा सभासद या नात्याने लॉटरीविरुद्ध बोलला. लॉटरी हा कर आहे, तोही मुख्यतः गरिबांच्या खिशातून जाणारा, असे त्याचे म्हणणे होते. यावर ठरलेले उत्तर असे की, हा कर कोणावर लादलेला नाही, ज्याला द्यायचा तो देतो. लाप्लासने दाखवून दिले की, एकेका माणसापुरते हे खरे आहे, पण सगळ्या समाजापुरते नाही. कोणी लग्न करावे हे ज्याचे तो ठरवतो, तरी देशातल्या लग्नांची वार्षिक संख्या जवळपास ठरलेली असते. तसेच कोणत्याही एका माणसाने तिकीट घेतलेच पाहिजे असे नाही. पण दुकान उघडले की काही हजार लोक ते घेणार, हे ठरलेले आहे. दुकान उघडणाऱ्याला हे आधी माहीत असते. तेव्हा 'त्यांनी स्वखुशीने दिले' एवढे म्हणून दुकान उघडणाऱ्याची जबाबदारी संपत नाही.

१८३२ च्या कायद्याने फ्रान्सने ही लॉटरी टप्प्याटप्प्याने आवरती घेतली आणि १ जानेवारी १८३६ पासून ती बंद झाली.

वास्तू उभ्या आहेत

लॉटरीचा पैसा नेहमी तिजोरीतच विरघळतो असे नाही. काही ठिकाणी तो डोळ्यांना दिसतो. लंडनचे ब्रिटिश म्युझियम १७५३ च्या कायद्याने उभे राहिले ते लॉटरीवर. ती आकड्यांची नव्हे, आपल्या परिचयाची तिकिटांची लॉटरी होती. तिकिटे किती, बक्षिसे किती, हे आधीच ठरलेले असल्याने तिचा हिशेब सरळ आहे. प्रत्येकी ३ पौंडांची १ लाख तिकिटे, म्हणजे ३ लाख पौंड जमा. त्यांपैकी २ लाख पौंड बक्षिसांत गेले. खर्च वजा जाता ९५ हजारांवर पौंड संग्रहालयाला मिळाले. या विक्रीत गैरव्यवहार करणाऱ्या पीटर लेहीप या अधिकाऱ्याला पुढे दंडही झाला.

इंग्लंडमधली शेवटची सरकारी सोडत १८२६ मध्ये झाली. पण ईस्ट इंडिया कंपनीच्या कलकत्त्यात लॉटरी आणखी दहा वर्षे चालली. तिथला टाउन हॉल लॉटरीच्या पैशातून बांधला गेला आणि १८१३ मध्ये पुरा झाला. १८१७ मध्ये खास लॉटरी समिती नेमली गेली. स्ट्रँड रोड, कॉलेज स्ट्रीट, कॉर्नवॉलिस स्ट्रीट हे रस्ते तिच्या कामांपैकी आहेत. ती १८३६ मध्ये बंद झाली, फ्रान्सची लॉटरी संपली त्याच वर्षी. रस्ते सर्वांच्या उपयोगाचे होते. पैसे मात्र ज्याच्याकडे अधिक त्याने अधिक, अशा रीतीने आले नव्हते. ज्याला आशा अधिक त्याने दिले होते. कर आणि लॉटरी यांतला हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आपल्याकडे

स्वतंत्र भारतात राज्य सरकारच्या लॉटरीचा पायंडा केरळने पाडला. तिथे १९६७ मध्ये लॉटरी खाते स्थापन झाले आणि पहिली सोडत २६ जानेवारी १९६८ रोजी झाली. तिकीट एक रुपयाचे आणि पहिले बक्षीस ५० हजारांचे होते. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ च्या एप्रिलमध्ये सुरू झाली. लोकांना मटक्यासारख्या बेकायदा जुगारापासून वळवणे आणि विकासकामांसाठी पैसा मिळवणे, असे दोन हेतू तिच्यामागे सांगितले गेले. जिनोआची आठवण व्हावी असा हा पहिला हेतू आहे. १९९८ मध्ये संसदेने लॉटरी नियमनाचा कायदा केला. एकअंकी आकड्यावर बक्षीस देण्यास त्याने मनाई केली. तिकीटविक्रीचे पैसे राज्याच्या सरकारी खात्यात जमा व्हावेत, सोडत त्याच राज्यात व्हावी आणि मुदतीत कोणी न मागितलेले बक्षीस सरकारजमा व्हावे, असेही त्यात म्हटले आहे.

आजच्या तिकिटाचा रुपया साधारणपणे असा वाटला जातो : बक्षिसे, घाऊक आणि किरकोळ विक्रेत्यांचे कमिशन, छपाई, जाहिरात आणि कार्यालयाचा खर्च, वस्तू व सेवा कर (मार्च २०२० पासून २८ टक्के, सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के), आणि मग उरलेला नफा. मोठे बक्षीस जिंकणाऱ्याला त्यावर ३० टक्के दराने प्राप्तिकरही द्यावा लागतो. वर्तमानपत्रात लॉटरीच्या 'उत्पन्ना'चे मोठे आकडे येतात, ते पुष्कळदा एकूण विक्रीचे असतात. केरळच्या अंदाजपत्रकात विक्रीची रक्कम जमेच्या बाजूला आणि बक्षिसे व कमिशन खर्चाच्या बाजूला दाखवतात. खरा नफा कळण्यासाठी वजाबाकी आपण करायची असते.

नफ्याला चांगल्या कामाचे नाव देण्याची पद्धतही चालू आहे. केरळने २०११-१२ मध्ये 'कारुण्य' लॉटरी काढून तिचा नफा गंभीर आजारांच्या रुग्णांसाठी राखला. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याने १९६४ मध्ये लॉटरी सुरू केली ती शाळांसाठी. हे हेतू खोटे असतात असे आम्हांला म्हणायचे नाही. पण एक साधा हिशेब करून पाहावा. समजा, एखादे राज्य शाळांवर १०० कोटी रुपये खर्च करते आणि लॉटरीतून शाळांसाठी म्हणून १० कोटी मिळू लागले. शाळांना आता ११० कोटी मिळतात का? की तिजोरीतून ९० कोटीच निघतात आणि शाळांच्या वाट्याला पूर्वीचेच १०० कोटी येतात? दुसऱ्या बाबतीत लॉटरीचा पैसा नावाने शाळांचा असला, तरी प्रत्यक्षात तो ज्या कामाला मोकळे झालेले १० कोटी गेले त्या कामाचा असतो. एकोल मिलितेरच्या लॉटरीचे जे उघडपणे झाले ते इथे हिशेबाच्या वहीत गुपचूप होऊ शकते. आणि पैसे देतो कोण? चार्ल्स क्लॉटफेल्टर व फिलिप कुक या अर्थतज्ज्ञांनी १९८९ च्या आपल्या पुस्तकात अमेरिकेतल्या लॉटऱ्यांचा अभ्यास मांडला. उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिले, तर गरीब घरांचा लॉटरीवरचा खर्च श्रीमंत घरांपेक्षा जास्त असतो, असे त्यांना आढळले. लाप्लासचे म्हणणे वेगळे नव्हते.

वर्गात करून पाहण्यासाठी

हा विषय नीतिपाठ म्हणून शिकवण्यापेक्षा प्रयोग म्हणून शिकवावा, असे आम्हांला वाटते. १ ते ९० आकड्यांच्या चिठ्ठ्या डब्यात घाला. ४० मुलांच्या वर्गात प्रत्येकाला २० चिंचोके द्या. दर सोडतीला प्रत्येकाने एका आकड्यावर एक चिंचोका लावायचा. पाच चिठ्ठ्या काढा आणि ज्याचा आकडा निघेल त्याला १५ चिंचोके द्या. दोन मुले 'सरकार' म्हणून हिशेब ठेवतील. वीस सोडतींत ८०० चिंचोके लागतील, साधारण ४४ वेळा बक्षीस द्यावे लागेल आणि सरकारकडे १३० च्या आसपास चिंचोके उरतील. हा आकडा बराच कमीजास्त होईल, एखाद्या वर्गात सरकार तोट्यातही जाईल. शाळेतल्या पाच-सहा वर्गांचे आकडे एकत्र केले, की सरासरी कशी सावरते ते फळ्यावर दिसेल. किती सोडतींत लागोपाठचे आकडे निघाले, याचीही नोंद ठेवा आणि ऑयलरच्या उत्तराशी ताडून पाहा.

शेवटी सर्वांत जास्त चिंचोके मिळवलेल्या मुलाला उभे करा, आणि वर्गाला विचारा की, वर्तमानपत्रात छायाचित्र कोणाचे येईल? मग ज्यांच्याकडे एकही चिंचोका उरला नाही त्यांना हात वर करायला सांगा. ते हात मोजून ती संख्या फळ्यावर, त्या मुलाच्या नावाशेजारी लिहा.